‘मी गेले तर हिशोब कोण बघणार?’

पत्र (थोडक्यात): सोलापुरात पूर्व भागात आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. बाबा आणि दोन काका मिळून धंदा बघतात. अकरावीपासून बिलं, जीएसटी, कामगारांचा आठवड्याचा पगार हे सगळं माझ्याकडे आहे. एमएचटी-सीईटीत चांगले पर्सेंटाइल पडलेत, मला पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. तातय्या (आजोबा) म्हणतात, ‘इथंच बी.कॉम. कर. मी पंधराव्या वर्षी तेलंगणातून येऊन हे उभं केलं, ते सांभाळायला घरचं माणूस नको का?’ सध्या धंदाही मंदा आहे. मी गेले तर मी स्वार्थी का?

उत्तर:

तुझं पत्र मालाच्या डिलिव्हरी चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर आलं. उलटून पाहिलं, तर मागच्या बाजूलाही तुझंच अक्षर. ३० बाय ६०, ४० डझन, आणि खाली एकदा खोडून पुन्हा केलेली बेरीज. या मुलीला घराची काळजी नाही असं कोण म्हणेल? तू स्वार्थी नाहीस. तो प्रश्न आजच बाजूला ठेव, कारण तो मनात असला की खरं बोलणं सुरूच होत नाही.

‘घराला माझी गरज आहे’ असं तू लिहितेस. घराला नेमकं काय लागतं ते एकदा मांडून बघ. जीएसटीची विवरणपत्रं: महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३-बी. ही कामं तू हॉस्टेलच्या खोलीतूनही करू शकतेस. माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचंही तेच, गाडीचा नंबर फोनवर मिळाला की झालं. पण आलेलं सूत वजन करून घेणं, कुणी किती नग काढले ते बघून पगार वाटणं, याला माणूस समोरच हवा. म्हणजे आठवड्यातले काही तास. तुझा धाकटा चुलतभाऊ दहावी झालाय असं तू ओझरतं लिहिलंयस. त्याला आतापासून शेजारी बसव. पहिले दोन पगार तू कर आणि त्याने बघायचं, पुढचे दोन त्याने करायचे आणि तू फक्त तपासायचे. तो चुकेल. चुकू दे, तू अजून घरात आहेस तोवरच चुकलेलं बरं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखानदाराचा मुलगा माझ्याकडे आला होता. ‘एक वर्ष थांब, मग जा’ असं घरच्यांनी सांगितलं होतं, तेही प्रेमानंच. पण ते वर्ष कधी संपणार आणि तोवर काम कोण शिकणार, हे कुणीच ठरवलं नाही. घोंगडं भिजत पडलं. तो अजून तिथेच आहे आणि वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलतो. घरासाठी थांबायला माझी हरकत नाही. मात्र थांबायचं तर तारीख ठरवून थांबायचं. पुण्याहून तू जी कामं करशील त्यांनाही हेच लागू. ‘लागेल ते करीन’ असा शब्द देऊ नकोस. परीक्षेच्या महिन्यात काय होणार, तेही आधीच सांग.

आता पैशांचं. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचा दाखला कोणत्या प्रवर्गाचा आहे आणि त्याला कोणती सवलत लागू होते, ते प्रवेशाआधी बघून घ्या. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र घरावर येणारच. तो आकडा बाबा आणि दोन्ही काकांसमोर मांड. धंदा एकत्र आहे, तेव्हा हा खर्च कुणाच्या हिश्श्यातून जाणार यावर नंतर कुजबुज नको.

कुणीतरी सुचवेल, ‘मग टेक्स्टाइल इंजिनिअरिंग घे की. इचलकरंजीला डीकेटीई आहे, मुंबईला व्हीजेटीआय आहे, दोन्ही बाजूंचं भागेल.’ शिक्षण उत्तमच आहे. पण तुझ्या दोन पानी पत्रात कापडाबद्दल एक ओळ नाही. अर्धं पान मात्र तू एक्सेलमध्ये बनवलेल्या पगाराच्या तक्त्यावर आहे. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून शाखा निवडू नकोस. वालचंदला, इथे सोलापुरातच, कॉम्प्युटर मिळतं आणि ते यादीत जरूर ठेव. फक्त एक ओळखून अस, घरी राहिलीस तर हिशोबाची वही तुझ्याच टेबलावर राहील. तेव्हा कामाचे तास ठरवावे लागतील आणि ते पाळायला पुण्यापेक्षा जड जाईल. माझं मत विचारशील तर पुणे वर, वालचंद खाली.

घरातलं बोलणं कॅपमध्ये कॉलेजांचे पर्याय भरण्याआधीच व्हायला हवं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा घ्यावीच लागते. त्या दिवशी घरात वाद नको.

आणि तातय्यांशी आधी एकटीच बोल. माग बंद असतील त्या दिवशी, म्हणजे नीट ऐकू येईल. पंधराव्या वर्षी ते गाव सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या वाटणीचं काम मागे कुणी केलं, हे त्यांना विचार. मध्ये न बोलता सगळं ऐकून घे. हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे चार तासांवर आहे, हे त्यानंतर सांग.