आधी मंजूर नकाशा काढा: बांधकाम परवानगी, नोटीस आणि पाहणीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं पुणे महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाशी संबंधित आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत. उत्तरं हे काम जवळून जाणणाऱ्या अभियंत्यांची आहेत.

शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरच्या हॉटेलवाल्याने साइड मार्जिनमध्ये (इमारत आणि हद्द यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात) पत्र्याची शेड टाकून भटारखाना सुरू केला आहे. दोनदा अर्ज दिला, पण ‘कार्यवाही सुरू आहे’ याच्यापुढे काही होत नाही. तक्रार नेमकी कशी करावी?
*एक वाचक, कोथरूड*

आधी अर्ज कुठल्या खात्याकडे गेला ते पाहा. पदपथावर किंवा रस्त्यावर काही मांडलं असेल, तर ते काम अतिक्रमण विभागाचं. खासगी मिळकतीच्या आवारातलं बांधकाम मात्र बांधकाम विकास विभागाकडे येतं. चुकीच्या खात्यात पडलेला अर्ज महिनोन्‌महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

दुसरं म्हणजे अर्जातला मजकूर. ‘अनधिकृत बांधकाम केले आहे’ एवढ्या वाक्यावर कनिष्ठ अभियंत्याला टिकणारी नोटीस काढता येत नाही. काय बांधलं, कुठल्या दिशेला, किती लांब-रुंद-उंच आणि कशाचं, हे त्याला नोटिशीत लिहावं लागतं. ते मोघम राहिलं की समोरचा कोर्टात जाऊन स्थगिती आणतो. म्हणून इमारतीचं नाव, सिटी सर्व्हे नंबर किंवा सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर, ‘पूर्वेकडील साइड मार्जिन’ असा दिशेसह उल्लेख, अंदाजे मापं आणि काम कधीपासून आहे ते लिहा. फोटो तीन पुरेत: रस्त्यावरून पूर्ण इमारतीचा एक, शेडचा जवळून एक आणि इमारतीची भिंत, शेड व कंपाउंड एकत्र दिसतील असा एक. तिसरा सर्वांत कामाचा, कारण मार्जिन किती बुजलं ते त्यातच कळतं.

अर्ज योग्य ठिकाणी पोचल्यावर अभियंता प्रारंभ प्रमाणपत्राच्या (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीच्या) क्रमांकावरून मंजूर नकाशा अभिलेखातून काढतो. मग जागेवर जाऊन भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून हद्दीपर्यंतचं अंतर मोजतो, नकाशाशी ताडून पाहतो, पंचनामा करतो आणि नोटीस काढतो. काम अडतं ते दोन ठिकाणी. जुन्या इमारतीचा नकाशा सापडत नाही, किंवा कंपाउंडची भिंतच मुळात हद्दीवर नसते. हद्दीचा वाद बांधकाम विभाग सोडवत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागते.

पत्र्याची शेड तात्पुरत्या स्वरूपाची धरली गेली, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ५५ लागू होतं. त्यात आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत बांधकाम काढून घ्यावं लागतं, नाहीतर पोलिसांच्या मदतीने ते हटवता येतं. बांधकाम तात्पुरतं आहे की नाही, यावर नियोजन प्राधिकरणाचा निर्णय अंतिम असतो. काम चालू असतानाच तक्रार गेली तर कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस देता येते. तीच सर्वांत परिणामकारक वेळ. एकदा भटारखाना सुरू झाला, माणसं कामाला लागली, की तेच प्रकरण दहापट अवघड होतं.

तुमच्या बाबतीत अग्निशमन दलाकडे वेगळा अर्ज जरूर द्या. अरुंद मार्जिनमध्ये व्यावसायिक सिलिंडर आणि पेटती भट्टी असेल, तर आग लागल्यावर जवानांना इमारतीच्या मागच्या बाजूला जायला वाट उरत नाही. ड्रेनेजचे चेंबरही बहुधा त्याच पट्ट्यात असतात.

आता तिसरं स्मरणपत्र पाठवू नका. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्कासह मंजूर नकाशा, पाहणी अहवाल, नोटीस आणि तिचा जावक क्रमांक मागा. नोटीस निघालीच नसेल तर तेही ३० दिवसांत लेखी कळतं, आणि वरिष्ठांकडे दाद मागायला तोच कागद उपयोगी पडतो.

आमच्या गच्चीवर आठ वर्षांपूर्वी बांधलेल्या खोलीबद्दल कलम ५३ ची नोटीस आली आहे. मिळकतकर भरतो, वीजबिलही आहे. कोर्टातून स्थगिती आणावी का?
*एक वाचक, धायरी*

ही नोटीस वर आलेल्या नगररचना अधिनियमातली, अनधिकृत बांधकाम काढून टाकण्याची. मिळकतकराची पावती आणि वीजबिल हा परवानगीचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ प्रमाणे कराच्या दुप्पट शास्ती (दंड) लागू शकते, पण शास्ती भरूनही बांधकाम नियमित होत नाही. हा गैरसमज फार महागात पडतो.

नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि पाकीट जपा. मुदत संपण्याआधी नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो. तो वेळेत दाखल झाला तर निर्णय होईपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. पण अर्ज टाकण्यापूर्वी परवानाधारक आर्किटेक्टकडून तीन गोष्टी तपासून घ्या: प्लॉटवर एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम) शिल्लक आहे का, वाढलेली उंची आणि मार्जिन नियमात बसतात का, आणि गच्ची कोणाच्या मालकीची आहे. गच्ची सोसायटीची असेल, तर तिच्या संमतीशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. यातलं काहीच बसत नसेल, तर अर्जाने थोडे आठवडे मिळतील, त्याहून जास्त काही नाही.

पाडकामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेले निर्देश माहीत असू द्या. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्यासाठी १५ दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यांतली जी नंतर संपेल ती मिळाली पाहिजे. नोटीस नोंदणीकृत टपालाने यावी, बांधकामावर चिकटवावी, सुनावणी व्हावी, कारणांसह आदेश निघावा आणि आदेशानंतरही १५ दिवस मिळावेत. पाडकामाचं चित्रीकरणही करायचं असतं. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना आणि न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या पाडकामाला हे संरक्षण नाही. ही कार्यपद्धती पाळली गेली नसेल तर ते लेखी मांडा. स्थगितीच्या दाव्यात पहिला प्रश्न मात्र ‘मंजूर नकाशा दाखवा’ हाच येतो, आणि तो नसेल तर मिळालेली स्थगिती फार काळ टिकत नाही.

ही खोली फक्त कागदावरची अडचण आहे असं समजू नका. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. अर्ध्या विटेची, तीन मीटर उंचीची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत दर धावत्या मीटरला सुमारे ८०० किलो भरते. खाली बीम नसताना ती स्लॅबवर उभी केली, की खालच्या घराच्या छताला तडे जातात, पाणी सळईपर्यंत पोचतं आणि काही पावसाळ्यांत प्लास्टर गळायला लागतं. एक फूट जाडीच्या ओल्या मातीचा बगिचाही चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जातो.

खोली काढायचीच ठरली, तर स्वतः काढा. महापालिकेने काढली तर खर्च तुमच्याकडून वसूल होतो आणि मशिनच्या धक्क्याने पॅरापेट (गच्चीचा कठडा), वॉटरप्रूफिंग दोन्ही जातात. आधी पत्रे, मग भिंत वरून खाली थरांनी. राडारोडा गच्चीवर ढीग करून ठेवू नका, रोजच्या रोज खाली उतरवा.

फ्लॅटमध्ये बेडरूम आणि हॉलमधली भिंत काढायची आहे. परवानगी लागते का?
*एक वाचक, बिबवेवाडी*

रंग, गिलावा, फरशी बदलणं, फॉल्स सीलिंग, आतलं दार लावणं यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. सोसायटीला लेखी कळवणं मात्र वेगळं आणि आवश्यक.

भिंत काढण्याआधी इमारत कशावर उभी आहे ते ओळखायला हवं. कॉलम-बीमची इमारत असेल, तर मधली साडेचार इंची भिंत नुसता आडोसा असते. पण जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांत विटांच्या नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतींवरच स्लॅब टेकलेले आढळतात. खालच्या आणि वरच्या फ्लॅटमध्ये भिंत बरोबर त्याच जागी आहे आणि कोपऱ्यात कॉलम दिसत नाहीत, तर ती भिंत भार घेते असंच धरा. तिला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

सर्वांत जास्त नुकसान दिसत नाही अशा ठिकाणी होतं. एसीच्या पाइपसाठी बीममधून भोक पाडलं की सळई तुटते. बाथरूम सरकवून ती खालच्या घराच्या बेडरूमवर आणली, तर जिथे पाइपसाठी खोलगट केलेला स्लॅब नाही तिथे उंचवट्यासाठी भराव घातला जातो, वजन वाढतं आणि गळती सुरू होते. बाल्कनी खोलीत घेताना बाहेरची भिंत काढणं हा मंजूर नकाशातला बदल आहे. त्यासाठी परवानगी घ्या, नाहीतर फ्लॅट विकताना ते उघडं पडतं.

आमच्या बंगल्याचं काम जोत्यापर्यंत आलं आहे. ठेकेदार म्हणतो तपासणी नंतर करून घेऊ.
*एक वाचक, आंबेगाव*

ऐकू नका. जोत्याच्या वर वीट चढली की चूक सुधारणं म्हणजे भिंत पाडणं. नेहमी सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: सेंटर लाइन (भिंती-कॉलमची मध्यरेषा) हद्दीच्या दगडाऐवजी कंपाउंडपासून धरलेली, पुढच्या पायऱ्या मार्जिनमध्ये गेलेल्या, एखादा कॉलम बाहेर सरकलेला. अभियंता येण्याआधी स्वतः टेप लावून दोन्ही कर्ण मोजा. आयताकृती जोत्याचे कर्ण सारखे नसतील तर घर तिरकं बसलं आहे, आणि मग एका बाजूचं मार्जिन कमी पडणारच.

शनिवार पेठेतल्या वाड्यात आम्ही जुने भाडेकरू आहोत. वाडा धोकादायक असल्याची नोटीस लागली. घर सोडलं तर हक्क जाईल का?
*एक वाचक, शनिवार पेठ*

ही नोटीस बहुधा महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली असते आणि पेठांमध्ये पावसाळ्याआधी अशा अनेक नोटिसा लागतात. कारण साधं आहे: मातीत बांधलेल्या भिंती पाणी पितात, लाकडी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात, आणि भिंत पोट काढून बाहेर येते. दार अचानक घट्ट बसायला लागलं, तुळईच्या खाली ताजा उभा तडा दिसला, माती गळायला लागली, तर तेवढ्या खोल्या त्याच दिवशी रिकाम्या करा. नोटिशीची वाट पाहू नका.

इमारतीचा वर्ग विचारा. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. वर्ग पटत नसेल तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्वतःचा अहवाल सादर करता येतो.

हक्काच्या दृष्टीने महत्त्वाचं काम घर सोडण्याआधीचं आहे. ताब्यातल्या जागेची मोजणी महापालिकेकडून नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा. भाडेपावत्या, जुनं वीजबिल, रेशनकार्ड आणि खोल्यांचे फोटो एकत्र ठेवा. मोजणीची नोंद न होता वाडा पाडला गेला, तर पुढे किती चौरस फूट होते यावरूनच वर्षानुवर्षं वाद चालतो.

तुमच्या भागात आणखी एक बाब आहे. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम प्रतिबंधित आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही पुरातत्त्वाच्या सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून मालक ‘पाडा, लगेच नवी इमारत देतो’ म्हणत असेल, तर वाडा स्मारकापासून किती मीटरवर येतो ते आधी लेखी विचारा.

बिल्डर भोगवटा पत्राआधी किल्ल्या देतोय. घ्याव्यात का?
*एक वाचक, वाघोली*

नाही. भोगवटा पत्र नसेल तर इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याचं कोणीही प्रमाणित केलेलं नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीज, पाणी, ड्रेनेजच्या जोडण्या आणि बँकेचं कर्ज भोगवटा पत्र पाहूनच द्यावं असे निर्देश दिले आहेत. ‘अंशतः भोगवटा’ दाखवला, तर त्यात तुमची विंग, तुमचा मजला आणि तुमच्या फ्लॅटचा नंबर आहे का, ते वाचूनच सही करा.