तपासणीचा अहवाल आणि निकालाचे आकडे कसे वाचावेत? इंग्लंडमधील खासगी डे स्कूलविषयी पालकांचे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांकडून खासगी डे स्कूलविषयी, म्हणजे मूल रोज घरून ये-जा करते अशा फी घेणाऱ्या शाळांविषयी, बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांचा रोख दोन गोष्टींवर आहे: शाळेच्या तपासणीचा अहवाल आणि शाळेचे निकाल. या शाळांमध्ये मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि तपासणीच्या दिवसांत शिक्षकांच्या बाजूने बसून ती सारी प्रक्रिया पाहिली. त्या अनुभवाच्या आधारे ही उत्तरे देत आहे.

प्रश्न (हॅरो): मुलीसाठी पाहिलेल्या शाळेच्या फाटकावर २०२२ च्या तपासणीतला ‘एक्सलंट’ हा शेरा मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. नव्या तपासणीच्या अहवालात मात्र हा शब्द कोठेही सापडत नाही. ‘मानके पूर्ण होतात’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा येते. शाळेचा दर्जा घसरला असे समजावे काय?

तसे समजू नये. शाळा बदलली की नाही ते अहवाल वाचूनच कळेल, पण तपासणीची पद्धत मात्र निश्चितपणे बदलली आहे. इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट, म्हणजे आयएसआय, ही संस्था सप्टेंबर २०२३ पर्यंत विद्यार्थ्यांची शैक्षणिक प्रगती आणि त्यांचा व्यक्तिमत्त्व विकास यांना ‘एक्सलंट’, ‘गुड’, ‘साउंड’ किंवा ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ यांपैकी एक शेरा देत असे. त्या महिन्यात नवी चौकट लागू झाली आणि एका शब्दाचे हे शेरे बंद झाले. आता २०१४ च्या नियमावलीत स्वतंत्र, म्हणजे खासगी, शाळांसाठी घालून दिलेली मानके शाळा पूर्ण करते की नाही, हे प्रत्येक विभागाखाली स्पष्ट लिहिले जाते. ही मानके आठ भागांत आहेत: शिक्षणाची गुणवत्ता, विद्यार्थ्यांचा नैतिक, सामाजिक व सांस्कृतिक विकास, आरोग्य व सुरक्षितता, कर्मचाऱ्यांची योग्यता, इमारत, पालकांना द्यावयाची माहिती, तक्रारींची हाताळणी आणि नेतृत्व. त्यामुळे आज अतिशय उत्तम चालणाऱ्या शाळेच्या अहवालातही आपल्याला ‘मानके पूर्ण होतात’ हेच वाक्य दिसेल.

मग चांगली शाळा आणि जेमतेम शाळा यांतला फरक अहवालात कोठे शोधायचा? मी तीन ठिकाणी थांबून वाचते. पहिले ठिकाण सुरुवातीच्या सारांशाचे. त्यात एखादी गोष्ट शाळेचे लक्षणीय बलस्थान म्हणून नोंदवली असेल, तर तिला वजन आहे, कारण तपासनीस हा उल्लेख सढळ हाताने करीत नाहीत. दुसरे ठिकाण ‘पुढील पावलांच्या शिफारशीं’चे. मानके पूर्ण झालेली असतानाही काय सुधारावे, ते येथे एक-दोन वाक्यांत सांगितलेले असते. ‘शिक्षकांनी दिलेल्या अभिप्रायाचा उपयोग सर्व विषयांत सारखा होत नाही’ अशा आशयाचे वाक्य वरवर सौम्य वाटते; पण ते लिहिण्याआधी तपासनिसांनी अनेक वर्गांतल्या वह्या चाळलेल्या असतात. तिसरे ठिकाण म्हणजे धड्यांची प्रत्यक्ष वर्णने. ‘विद्यार्थी चांगली प्रगती करतात’ या वाक्यापेक्षा कोणत्या इयत्तेतील मुले नेमके काय करीत होती हे सांगणारे वाक्य अधिक मोलाचे असते.

एक प्रसंग सांगते. एका तपासणीत तपासनीस बाईंनी माझ्या वर्गातील नववीतल्या मुलीची भौतिकशास्त्राची वही उघडली. उत्तरात एकके लिहिलेली नाहीत, असा माझा शेरा लागोपाठ तीन आठवडे हिरव्या शाईत होता. बाईंनी मला काहीच विचारले नाही. त्या मुलीशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “हा शेरा वाचून तू पुढच्या वेळी काय वेगळे केलेस?” मुलगी गप्प राहिली. माझा शेरा बरोबर होता, पण त्याने काही घडलेले नव्हते, आणि ते त्या एका प्रश्नाने उघडे पडले. त्या दिवसानंतर मी गृहपाठ तपासण्याची रीत बदलली: चूक दुरुस्त करून दाखवल्याशिवाय पुढचा धडा सुरू करायचा नाही.

आपल्याकडे पूर्वी दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, येणार म्हटले की शाळेच्या भिंतींना रंग लागे आणि मुलांकडून उत्तरे घोकून घेतली जात. येथे नियमित तपासणी साधारण तीन वर्षांतून एकदा होते आणि शाळेला तिची पूर्वसूचना अत्यंत अल्प मिळते, त्यामुळे अहवालात दिसणारे चित्र बऱ्याच अंशी रोजच्या शाळेचे असते. फाटकावरचा २०२२ चा फलक मात्र आता शाळेने उतरवायला हवा, असे माझे मत आहे.

प्रश्न (मिल्टन कीन्स): आम्ही पाहत असलेल्या दोन खासगी शाळांपैकी एकीची तपासणी आयएसआयने केली आहे आणि दुसरीची ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेने. कोणत्या अहवालावर अधिक विश्वास ठेवावा?

दोन्ही सारखेच ग्राह्य धरावेत. इंडिपेंडंट स्कूल्स कौन्सिल या खासगी शाळांच्या शिखर संस्थेच्या सदस्य संघटनांशी जोडलेल्या शाळांची तपासणी आयएसआय करते, उरलेल्या खासगी शाळांची ऑफस्टेड. कायद्याची मानके दोघांनाही तीच लागू आहेत. दोन्ही संस्थांची भाषा आणि मांडणी वेगळी असल्यामुळे दोन अहवालांतले शब्द समोरासमोर ठेवून तुलना करू नये, इतकेच. ही व्यवस्था फक्त इंग्लंडची आहे. वेल्समध्ये एस्टिन ही संस्था तपासणी करते आणि स्कॉटलंडची यंत्रणा निराळी आहे.

प्रश्न (रेडिंग): एका शाळेत जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला, ८ आणि ९ या सर्वांत वरच्या श्रेणी ६० टक्क्यांहून अधिक आहेत, दुसरीत ४० च्या आत. पहिली शाळा उघडच चांगली नाही का? शिवाय सरकारी तक्त्यात पहिल्या शाळेपुढे इंग्रजी व गणितात शून्य टक्के दिसते, हे काय गौडबंगाल आहे?

आधी शून्याचे कोडे सोडवू. अनेक खासगी शाळा जीसीएसईऐवजी आयजीसीएसई, म्हणजे आंतरराष्ट्रीय जीसीएसई, देतात. सरकारी कामगिरीच्या तक्त्यांत ती परीक्षा धरली जात नाही, म्हणून अतिशय नावाजलेल्या शाळांपुढेही शून्य दिसते. शाळेतल्या मुलांना गणित येत नाही असा त्याचा अर्थ नाही. खासगी शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नाही, त्यामुळे परीक्षा निवडण्याची मोकळीक त्यांना आहे.

आता टक्केवारी. वयाच्या अकराव्या वर्षी कठीण प्रवेश परीक्षा घेऊन निवडलेली मुले सोळाव्या वर्षी ८ आणि ९ मिळवतात, यात शाळेचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दुसरी शाळा सर्वसाधारण कुवतीची मुले घेत असेल आणि त्यांतली चाळीस टक्क्यांच्या जवळपास मुले तिथवर पोचत असतील, तर शिकवण्याचे काम कदाचित तीच अधिक करते आहे. म्हणून शाळेला व्हॅल्यू ॲडेड, म्हणजे मुलाने आरंभबिंदूपासून किती मजल मारली, याचे आकडे विचारा. बऱ्याच शाळा मुले दाखल झाल्यावर मिडीस यासारखी चाचणी घेतात आणि त्या गुणांवरून अपेक्षित जीसीएसई श्रेणी काढतात. प्रत्यक्ष श्रेणी अपेक्षेच्या वर आहेत की खाली, हे प्रत्येक विषयागणिक त्यांच्याकडे असते. ते आकडे दाखवायला शाळा कां-कूं करीत असेल, तर त्याचीही मनात नोंद घ्यावी.

दोन सावधगिऱ्या सांगते. लहान शाळांत टक्केवारी फार हेलकावते. शेवटच्या, म्हणजे तेरावीच्या, वर्गात तीस मुले आणि प्रत्येकी तीन ए-लेव्हल (अठराव्या वर्षीच्या विषयवार परीक्षा), म्हणजे एकूण नव्वद श्रेणी. त्यांतल्या तीन हुशार मुलांचे वर्ष बरे गेले किंवा वाईट गेले, की नऊ श्रेणी बदलतात आणि शाळेचा आकडा दहा टक्क्यांनी हलतो. त्यामुळे एका वर्षाचा निकाल न पाहता किमान तीन वर्षांचे निकाल एकत्र पाहावेत. दुसरे असे की २०२० आणि २०२१ चे निकाल परीक्षांविना, शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींवर लागले. देशभरात ए-लेव्हलला ए किंवा त्यावरची श्रेणी मिळवण्याचे प्रमाण २०१९ साली २५.४ टक्के होते, ते २०२१ साली ४४.८ वर गेले. खासगी शाळांत ते सुमारे ७० टक्के झाले. २०२३ साली ते देशभरात २७.२ टक्क्यांवर आले. एखादी शाळा ‘आमचा आजवरचा सर्वोत्तम निकाल’ म्हणून २०२१ चा दाखला देत असेल, तर तो बाजूला ठेवावा.

आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: दोन वर्षांपूर्वी अकरावीत (येथील ‘इयर ११’, जीसीएसईचे वर्ष) किती मुले होती आणि त्यांतली किती याच शाळेत ए-लेव्हलपर्यंत टिकली? काही शाळा सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या दोन वर्षांच्या, प्रवेशासाठी जीसीएसईच्या वरच्या श्रेणी मागतात; जी मुले तिथे अडतात ती दुसरीकडे जातात, आणि ए-लेव्हलच्या निकालात ती दिसत नाहीत. सोळाव्या वर्षी मुलाला शाळा बदलायला लागणे ही किती मोठी उलथापालथ आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

प्रश्न (स्लाऊ): मुलगा दोन वर्षे या शाळेत आनंदाने शिकतो आहे. नुकत्याच आलेल्या अहवालात तीन भागांतील मानके ‘पूर्ण होत नाहीत’ असे म्हटले आहे. मुख्याध्यापकांच्या पत्रानुसार ही केवळ कागदपत्रांची बाब आहे. मुलाला काढावे काय?

घाईने काढू नका, पण त्या पत्रावरही थांबू नका. कोणत्या भागातली मानके चुकली ते अहवालात पाहा. कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीपूर्वी झालेल्या तपासण्या शाळेला एकाच नोंदवहीत ठेवाव्या लागतात: ओळख, पात्रता, गुन्हेगारी पार्श्वभूमी, परदेशात काम केले असल्यास तेथील चौकशी. एका शिक्षकाची तपासणी पूर्ण होण्याआधीच तो रुजू झाला, तर हे मानक चुकते. मुख्याध्यापक याला कागदपत्र म्हणतील, पण ही नोंदवही मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे, हे पालकांनी विसरू नये. तसेच एखादा भाग चुकला की नेतृत्वाचा भागही बहुधा त्याबरोबर चुकतो, म्हणून तीन भागांमागे मूळ दोष एकच असू शकतो. याउलट बालसुरक्षेच्या प्रकरणांत शाळेने तक्रार योग्य त्या यंत्रणेकडे वेळेवर पोचवली नाही असे लिहिले असेल, तर ते अतिशय गंभीर मानावे.

अशा वेळी शिक्षण खाते शाळेकडून कृती आराखडा मागवू शकते आणि नंतर प्रगती पाहण्यासाठी पुन्हा तपासणी होते. शाळेला लेखी विचारा: आराखड्यात काय आहे, कोण जबाबदार आहे, कधीपर्यंत? पुढच्या अहवालात तीच मानके पूर्ण झालेली दिसली, तर शाळा शिकली असे म्हणता येईल. सलग दोनदा तेच चुकले, तर मात्र मी दुसरी शाळा शोधू लागेन.

प्रश्न (क्रॉयडन): मुलीच्या गणिताच्या गटाला वर्षभरात तीन शिक्षक बदलून मिळाले. तपासनिसांकडे तक्रार केली तर ते दाद देतील का?

तपासनीस वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाहीत. प्रत्येक खासगी शाळेत तक्रारीचे तीन टप्पे असणे कायद्याने आवश्यक आहे: आधी अनौपचारिक बोलणे, मग लेखी तक्रार आणि त्यानेही समाधान न झाल्यास किमान तिघांच्या समितीपुढे सुनावणी. या समितीत प्रकरणाशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तीच बसतात आणि त्यांतली एक शाळेच्या व्यवस्थापनाबाहेरची असावी लागते. सुनावणीला आपण कोणाला तरी सोबत नेऊ शकता. आदल्या वर्षी किती औपचारिक तक्रारी आल्या, ती संख्याही शाळेने पालकांना उपलब्ध करून द्यायची असते. तपासणीच्या वेळी मात्र पालकांना प्रश्नावली येते. ती टाळू नका, आणि तीन शिक्षकांची ही बाब तारखांसह तीत लिहा.

प्रश्न (पुणे): नोकरीनिमित्त आम्ही येत्या वर्षी लंडनला जात आहोत. मुलगा चौदा वर्षांचा आहे. चांगल्या अहवालाची आणि निकालाची डे स्कूल निवडताना आणखी कशाकडे पाहावे?

आपल्या बाबतीत अहवालाहूनही वेळेला महत्त्व आहे. जीसीएसईचा अभ्यासक्रम बहुधा येथील दहावी आणि अकरावी (इयर १० आणि ११) या दोन वर्षांत चालतो, काही शाळांत तीन वर्षे. मुलगा सप्टेंबरात दहावीच्या आरंभी दाखल झाला तर त्याला सर्वांबरोबर सुरुवात मिळेल. अकरावीच्या मध्ये आला तर वेगळ्या मंडळाचा अर्धा अभ्यासक्रम त्याला एकट्याने भरून काढावा लागेल. म्हणून प्रत्येक शाळेला आधी विचारा की त्या इयत्तेत रिकामी जागा आहे का, कोणत्या विषयासाठी कोणते परीक्षा मंडळ आहे आणि इंग्रजी साहित्याची नेमलेली पुस्तके कोणती आहेत. ती पुस्तके तो पुण्यातच वाचायला घेऊ शकेल.

फीचा हिशेब करताना १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला २० टक्के व्हॅट धरायला विसरू नका, आणि संकेतस्थळावरची रक्कम व्हॅटसह आहे की त्याशिवाय, ते स्पष्ट विचारून घ्या. जेवण, बस आणि परीक्षा शुल्क वेगळे असू शकते.

शाळा पाहायला जाल तेव्हा खास पालकांसाठी ठेवलेला शनिवार टाळून कामकाजाच्या दिवशी वेळ मागा. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला वर्गात बसू द्याल का, असे विचारा. तेथे मुलाला बोलू द्या, आपण मागे राहा. बाहेरून नव्याने आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी त्याची भेट घालून देता येईल का, हेही सांगून पाहा. त्या वयाची मुले एकमेकांना जे सांगतात ते मुख्याध्यापकांच्या भाषणात येत नाही. परतताना गाडीत त्याला काय आवडले ते लगेच विचारू नका. रात्री जेवताना तो आपणहून काय बोलतो, ते ऐका.