सांगितलं तर ग्राउंड करतील ना?

लष्करी वैमानिक समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मॅडम, हे सगळं तुम्ही लिहून ठेवता का?" झोप लागत नसेल, घरात धुसफूस असेल, बदलीपायी मुलांची शाळा पुन्हा मोडणार असेल, बढतीच्या यादीतून नाव निसटलं असेल, काहीही असो, आधी कागदाची चौकशी. कारण उघड आहे. डॉक्टरच्या कानावर गेलं तर ग्राउंड करतील, म्हणजे उडणं थांबवतील, मेडिकल कॅटेगरी खाली येईल, आणि एकदा उडणं सुटलं की मग आपण उरतो कोण?

ही हकिगत अशाच एका वैमानिकाची. त्यांची ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

वय पस्तिशीच्या आत, एका आसनाचं लढाऊ विमान उडवणारे. पहिल्या भेटीला आले ते सुट्टीच्या दिवशी, फोन बंद करून. तक्रार सांगितली ती ब्रीफिंग दिल्यासारखी: "झोप साडेपाच तास. भूक नॉर्मल. दारू नाही. घरी प्रॉब्लेम नाही." या मंडळींना भावना विचारली की ते आकडा देतात. मला आता त्याची सवय झाली आहे, तरी त्या दिवशी मी त्या आकड्यालाच फसले. साडेपाच तासांची झोप, आठ महिन्यांचं बाळ, सहा वर्षांत तीन बदल्या आणि प्रत्येक बदलीत बायकोची सुटलेली नोकरी. चित्र ओळखीचं वाटलं, आणि दीड भेट मी घराबद्दलच विचारत बसले. ते बिचारे नम्रपणे उत्तरं देत राहिले.

दुसऱ्या भेटीत वेळ संपली, ते उठले, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, माणूस जागा असताना स्वतःच्या बाहेर जाऊ शकतो का?"

मी त्यांना परत बसायला सांगितलं.

त्यांनी पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढला. उडताना मांडीवर जे पॅड बांधतात, त्याचा. त्यावर बारीक अक्षरात तीन ओळी होत्या, तीन वेगवेगळ्या तारखांच्या. पहिली अशी: "३८,००० फूट. ०८४२ सुरू. ०८४६ संपलं." काय सुरू झालं आणि काय संपलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कागद कुणाच्या हाती पडला तर, म्हणून.

सकाळची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी होती, परतीचा सरळ टप्पा. खाली धुरकट थर, वर निळं, मधे क्षितिजाची रेघच नाही. रेडिओ शांत, करायला विशेष काही नाही. "आणि एकदम मी कॉकपिटमध्ये नव्हतो. थोडा मागे, थोडा वर. खाली एक विमान चाललंय आणि त्यात कुणीतरी बसलंय, असं. हात दिसत होते, ग्लव्ह्ज दिसत होते, पण ते माझे नव्हते." बोलताना त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन मुठीत उभं धरलं होतं, आणि अंगठा पेनाच्या टोकावर हलके हलके दाबत होता, पुढे, मागे, पुढे. विमान वळवायच्या स्टिकवर ट्रिमचं, म्हणजे विमानाचा तोल साधायचं बटण तिथेच असतं. बाकी चेहरा अगदी स्थिर.

मग त्यांनी बुटातली पायाची बोटं हलवली. बोटं जाणवली. गरज नसताना रेडिओवर चेक मागितला, पलीकडून आवाज आला, आणि ते सगळं विरलं. उतरल्यावर उड्डाणाचा आढावा घेतात त्या डीब्रीफिंगमध्ये चकार शब्द नाही. रात्री दोन वाजता फोनवर शोधत बसले आणि स्वतःच निदान करून मोकळे झाले: आपल्याला वेड लागतंय. ही गोष्ट पाच महिन्यांपूर्वीची. त्यानंतर आणखी दोनदा झालं होतं.

मलाही या प्रकाराचं नाव तेव्हा माहीत नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं आणि आठवडाभराची वेळ मागून घेतली. एका निवृत्त हवाई वैद्यक डॉक्टरांना, अर्थातच कुणाबद्दल ते न सांगता, विचारलं. ते फोनवर हसलेच. म्हणाले, "ब्रेक-ऑफ. फार जुनी ओळख आहे आमची."

क्लार्क आणि ग्रेबिएल या दोन संशोधकांनी १९५७ मध्ये यावर लेख लिहिला होता. त्यांनी अमेरिकेच्या नौदलातल्या आणि मरीन कोअरमधल्या १३७ वैमानिकांना विचारलं होतं, आणि साधारण ३५ टक्के जणांनी सांगितलं की हो, उंचावर असताना पृथ्वीशी असलेला धागा तुटल्यासारखं वाटलेलं आहे. परिस्थितीही जवळपास तीच: एकटा माणूस, मोठी उंची, सरळ उड्डाण, हाताला काम कमी. काहींना तर ते आवडलंही होतं. शांत वाटलं, म्हणाले. काहींची घाबरगुंडी उडाली. जमिनीवर आपण कुठे आहोत हे शरीराला हजार बारीक खुणा सांगत असतात. तिथे वर त्या खुणाच नसतात, आणि मेंदू रिकाम्या जागेत स्वतःची बैठक हलवतो.

पुढच्या भेटीत मी हे सांगितलं. त्यांनी साल दोनदा विचारलं, आकडाही दोनदा.

"म्हणजे क्रू रूममध्ये तिघांत एक."

"साधारण."

"मग कुणी बोलत कसं नाही?"

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच हसू आलं.

इथे गोष्ट संपावी असं त्यांना वाटत होतं. नाव कळलं, वेड नाही हे कळलं, काम झालं. पण मला तसं म्हणता येणार नव्हतं, आणि आमचा खटका उडाला तो इथेच. अंगाला अनोळखी वाटणं हे ऑक्सिजन कमी पडल्याचंही लक्षण असू शकतं. २५,००० फुटांवर ऑक्सिजन तुटला तर माणसाच्या हाती शुद्धीत काम करायला तीन ते पाच मिनिटं असतात, आणि त्याहून वर गेलं की आणखी कमी; शिवाय त्या मिनिटांत आपलं काही चुकतंय हे कळतच नाही. मास्क नीट बसतो का, ऑक्सिजन सोडणारा रेग्युलेटर ठीक आहे का, कान, हृदय, झोप, हे सगळं तपासल्याशिवाय "हे ब्रेक-ऑफच आहे" असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यांनाही नाही. तो हवाई वैद्यक डॉक्टरांचा.

गुप्ततेची मर्यादा मी पहिल्याच भेटीत सांगितली होती: जिवाला धोका दिसला तर माझं तोंड बंद राहणार नाही. ती आठवण करून दिली. म्हणाले, "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातल्याच." दहा मिनिटं खिडकीकडे तोंड करून बसले. मी म्हणाले, "मला फोन करायचा नाहीये. तुम्ही जावं असं वाटतं. आणि जाईपर्यंत एकट्याने उंचावर जाऊ नये."

मग आम्ही त्या पाच महिन्यांचा हिशेब मांडला. मला वाटतं त्यांचं मन वळलं ते यानेच, माझ्या दटावणीने नाही. पहिल्या प्रसंगानंतर दर सरळ टप्प्यावर ते वाट बघायचे: आता होईल, आता होईल. नजर उपकरणांवर असायला हवी तेव्हा ती स्वतःवर. धास्तीने श्वास उथळ आणि भरभर व्हायचा, की बोटांना मुंग्या, डोकं हलकं. म्हणजे परकेपणा वाटायला जमीन तयारच. रात्री झोप नाही. जागरणाचं म्हणाल तर १९९७ चा एक अभ्यास सांगतो की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं. दारूला ते शिवत नव्हते, कारण तो नियम त्यांना पाठ होता. पहिला प्रसंग चार मिनिटांचा होता. पुढचे दोन जास्त लांबले होते. कागदावर ते त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं.

करिअरचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही. "काही होणार नाही" असं मी कुणालाही सांगत नाही, कारण ते खोटं ठरू शकतं. प्रत्येक देशाच्या हवाई दलाचे नियम वेगळे. पण तात्पुरतं उडणं थांबवणं आणि कायमचं अपात्र ठरवणं या दोन गोष्टी वैमानिकांच्या डोक्यात एकच होऊन बसलेल्या असतात, आणि त्या एक नाहीत. सर्दीने कान बंद झाले तरी माणूस चार दिवस खाली बसतो. त्याची कुणी लाज बाळगत नाही. मनाचं नाव निघालं की मात्र सगळ्यांना २०१५ ची जर्मनविंग्जची दुर्घटना आठवते. त्यात सहवैमानिकाने विमान हेतुपुरस्सर डोंगरावर आदळवलं, १५० माणसं गेली, आणि त्याचं आजारपण त्याने कंपनीपासून लपवलं होतं. तेव्हापासून मानसोपचाराचं नाव काढलं की आपण त्याच रांगेत उभे राहू, असं अनेकांना वाटतं. खरं तर दारं किलकिली होत आहेत. अमेरिकेच्या नागरी विमान नियामकाने २०१० पासून नैराश्यावरची ठरावीक औषधं घेणाऱ्या वैमानिकांनाही, तपासून, अटींवर उडू द्यायला सुरुवात केली. लष्करी दलं याबाबत जास्त कडक असतात, हेही मी लपवत नाही.

चौथ्या भेटीला त्यांनी बायकोला आणलं. तिला सांगायचं कसं, या विवंचनेत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काहीतरी आहे हे मला कधीपासून ठाऊक आहे. जेवताना टेबलाखाली याच्या पायाची बोटं सारखी हलत असतात. आधी वाटलं दुसरी कुणी आहे. मग पाहिलं तर हा स्वतःच्याच पायाकडे बघतोय!" तो तास बराच हलका गेला. तिच्या नोकरीचा विषय मात्र तिने काढला तेव्हा खोलीतली हवा पुन्हा जड झाली. तो विषय आजही मिटलेला नाही.

स्क्वॉड्रनच्या डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते आम्ही चार ओळींत लिहून काढलं, त्यांच्याच पद्धतीने: काय झालं, कधी, किती वेळ, मी काय केलं. भीतीबद्दल एक शब्द नको म्हणाले. मी हट्ट धरला नाही. ते डॉक्टर संध्याकाळी यांच्याच संघातून खेळणारे. तिथे जाऊन हे सांगणं त्यांना कुठल्याही सॉर्टीपेक्षा जड गेलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, त्याच दिवशी उडणं थांबवलं आणि पुढच्या तपासण्यांना पाठवलं.

सात आठवडे लागले. त्यातला तिसरा आठवडा सगळ्यात वाईट. त्यांना फ्लाइंग प्रोग्रामचं काम दिलं होतं. रोज सकाळी मार्कर घेऊन बोर्डावर इतरांची नावं लिहायची: कोण, कुठलं विमान, किती वाजता. स्वतःच्या नावासमोरचा चौकोन रिकामा. "नाव पुसलं असतं तरी चाललं असतं," ते मला म्हणाले, "रिकामा चौकोन बघवत नाही." वयाच्या एकविसाव्या वर्षापासून हा माणूस स्वतःची ओळख एका वाक्यात सांगत आला होता, आणि आता ते वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनाम्याचा मसुदा लिहिला आणि प्रवासी विमान कंपन्यांच्या भरतीचे अर्ज उतरवून घेतले. मी एकच अट घातली: जमिनीवर असताना जमिनीबद्दलचे निर्णय घ्यायचे नाहीत. नोकरी सोडायची असेल तर खुशाल सोडा, पण पुन्हा उडायला लागल्यावर. तोवर मसुदा माझ्या खणात. तो अजून तिथेच आहे. त्यांनी मागितला नाही, मी आठवण केली नाही.

तपासण्यांत काही निघालं नाही. मास्क ठीक, कान ठीक. उड्डाणाच्या आदल्या रात्री बाळाकडे बायकोने बघायचं आणि बाकी रात्री यांनी, असं घरात ठरलं. झोप सातच्या घरात आली. आधी सिम्युलेटर, मग दोन आसनांच्या विमानात सोबत कुणीतरी, शेवटी एकट्याने. डॉक्टरांनी उपाय सांगितला तो जवळपास त्यांनी स्वतःच शोधलेला: नजर आत आणा, हाताला काम द्या, कुणाशी तरी बोला, शरीराचा एखादा भाग हलवा. फक्त आता ते चोरून करायचं नव्हतं.

किंमत मोजावी लागली. इन्स्ट्रक्टरच्या कोर्सची निवड त्या सात आठवड्यांतच झाली आणि जागा एका ज्युनियरला मिळाली. ते त्यांना सलतं, आणि सलू नये असं मी म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात ते सहज भेटून गेले. मधे एकदा पुन्हा तसं झालं होतं. पॅडवरची नोंद त्यांनी दाखवली, तीच बारीक अक्षरं, पण या वेळी डॉक्टरांना दाखवून आलेली. "३६,००० फूट. ब्रेक-ऑफ. १०१५ सुरू, १०१६ संपलं." आणि खाली, "बोटं हलवली. दोन्ही पायांची."