बाबांचा इंद्रजाल कॉमिक्सचा खोका माळ्यावर सापडला. रद्दीत द्यावा की काही किंमत येईल?

रद्दीवाल्याला बोलावलं असेल तर आधी त्याला नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की साठेक अंक आहेत, सगळे मराठी, बरेचसे फाटके, पिना गंजलेल्या, काही एकत्र बांधून घेतलेले. आणि विचारलंय की असल्या मालाला कोण विचारणार? मी विचारतो. पस्तीसेक वर्षं हेच करतोय. आमच्या घरी त्यावर ठरलेला शेरा आहे: लोक रद्दी विकून पैसे आणतात, आमचे हे पैसे देऊन रद्दी आणतात.

खोक्यात काय आहे ते तुम्हाला बहुधा नीट माहीत नाही, कारण तुम्ही 'वेताळ वगैरेची पुस्तकं' असं लिहिलंय. हा वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. अमेरिकेत तो 1936 साली वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत जन्मला. त्याच लेखकाचा जादूगार मँड्रेक त्याच्या दोन वर्षं आधीचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि हे दोघं आपल्या घरात आले. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक. 1990 मध्ये बंद पडलं तोवर इंग्रजीत 803 अंक निघाले होते. त्यातही गंमत अशी की 123 आणि 124 हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी प्रत्येक जुन्या पुस्तकवाल्याला त्या दोन अंकांसाठी छळलंय.

इथे आणताना नावंही बदलली. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालची आठवण करून देणारं, म्हणून आपल्याकडे तो देश डेंकाली झाला. त्याच्या पूर्वजाला मारणारे समुद्री चाचे मुळात 'सिंग' टोळीचे. ते आडनाव भारतात कसं चालणार, म्हणून 'सिंगा' केले. आम्ही पोरं शाळेच्या नकाशात डेंकाली शोधायचो आणि सापडली नाही की नकाशा जुना आहे म्हणायचो.

खोक्यात भगवा कुडता आणि जीन्स घातलेला तरुण दिसला तर तो बहादूर. तो परदेशी नाही. 1976 साली आबिद सुरतींनी त्याला आणलं, सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. चंबळचं खोरं, डाकू, त्याची साथीदार बेला आणि बहादूरने उभं केलेलं नागरिक सुरक्षा दल. वेताळ आवडायचा, पण बहादूर आपला वाटायचा. तो एसटीत शेजारी येऊन बसला असता तर नवल वाटलं नसतं. (हेच सुरती पुढे मीरा रोडला दर रविवारी प्लंबर घेऊन दारोदार फिरायला लागले, लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला. त्यांच्या बहादूरपेक्षा मला हे जास्त धाडसाचं वाटतं.)

आता किमतीचं. परदेशातले आकडे वाचून हुरळू नका. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 1938 सालचा अंक तेव्हा दहा सेंटला होता आणि 2024 मध्ये त्याची एक प्रत साठ लाख डॉलरला गेली, हे खरं. पण तिकडे लिलावघरं आहेत, अंकाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे मोजके वेडे आहेत, आणि त्यातला कोण आज किती वेडा आहे त्यावर भाव ठरतो. एकाच अंकाला मला एकाने वडापावचे पैसे देऊ केलेत आणि दुसऱ्याने चांगल्या शर्टाचे. तेव्हा या खोक्यातून फ्लॅटचा हप्ता निघणार नाही.

पण एक गोष्ट बहुतेक विक्रेते उलटी धरून बसलेत. ते इंग्रजी अंकाला जास्त भाव सांगतात आणि मराठी अंक 'त्यावर फुकट घ्या' म्हणतात. माझा अनुभव असा की इंग्रजी अंक अजून मिळतात. अप्पा बळवंत चौकात मिळाले, फाउंटनच्या आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळाले, कव्हरं घालून कपाटात ठेवलेले गठ्ठेच्या गठ्ठे मिळाले. मराठी अंक मात्र वाचून संपले. आमच्या गल्लीतलं वाचनालय म्हणजे एका घराच्या ओसरीवरचं लाकडी कपाट, दिवसाला दहा पैसे भाडं. तिथला एक अंक घरी आला की आधी मी, मग भाऊ, मग शेजारची दोघं, रात्री आजोबा, आणि हे सगळं त्याच दहा पैशांत. असा अंक वर्षभरात चिंधी व्हायचा. मग भेळेचा कागद. तुमचे साठ अंक फाटके आहेत ते यामुळेच, आणि साठ एकत्र उरलेत हेच मला खरं वाटत नाहीये.

बांधलेले खंड सोडवू नका. मी सोडवलेत, त्याच्या उलटही केलंय. 1991 मध्ये पहिल्या पगारातून मी चाळीस सुटे अंक बाईंडरकडे दिले. त्याने छान कापडी पुठ्ठा घातला आणि कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी मशिनवर कापून टाकल्या. वरच्या पट्टीत अंकांचे क्रमांक होते. काही पानांवरचे संवादांचे फुगे अर्धे गेले. मँड्रेक आजही माझ्या कपाटात अर्धवट वाक्यं बोलतो. त्या माणसाचा काही दोष नव्हता. कापू नका असं मी सांगितलंच नव्हतं.

सेलोटेप लावू नका, ती काही वर्षांत तपकिरी होते आणि अक्षरं खाते. लॅमिनेशन तर मनातही आणू नका. गंजलेल्या पिना आतल्या बाजूने बोथट सुरीने उघडून काढा, जागेवर सुती दोरा ओवा. अंक आडवे ठेवा, लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं दूर. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. कसर लागली असेल तर तो अंक आधी वेगळा काढा. क्रमवारी लावताना गोंधळ होईल: आधी सलग क्रमांक आहेत, पुढे खंड 20 अंक 1 अशी पद्धत सुरू होते, म्हणजे लहान आकडा दिसला म्हणून अंक जुना असं नाही.

आणि सुटी पानं फेकू नका, एकही नाही. या अंकांची घडी अशी की पीन गंजली की सगळ्यात बाहेरचा कागद आधी निखळतो. त्याच कागदावर एका बाजूला कथेचं नाव आणि दुसऱ्या बाजूला शेवट. दोन्ही एकदम जातात. माझ्याकडे बहादूरचा असा एक अंक 1983 पासून आहे, त्या ओसरीवरच्या कपाटातलाच, वाचनालय बंद झालं तेव्हा तिथल्या काकूंनी तसाच देऊन टाकलेला. पुढे इंटरनेटवर इंग्रजी अंकाचं स्कॅन मिळालं, चित्रं जुळवली आणि शेवट कळला. बेला काहीतरी म्हणते, बहादूर हसतो. पण मराठीत ती काय म्हणते ते मला अजून माहीत नाही.

तेव्हा विकायचं की ठेवायचं ते सावकाश ठरवा, बाबांनाही विचारा. तोवर तुमच्याकडच्या सुट्या पानांचे फोटो टाकाल का? दोन्ही बाजूंचे.