दोन बड्या देशांच्या वैरात शेजारच्या देशांची सुरक्षा कशी धोक्यात येते?

तुम्ही विचारलंय, दोन प्रादेशिक सत्ता थेट लढत नसतील तर शेजाऱ्यांना भीती कसली? मी नऊ वर्षं अबू धाबीत काढली, म्हणून सौदी अरेबिया आणि इराणचंच उदाहरण घेतो.

१७ जानेवारी २०२२, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुसफ्फा या शहराबाहेरच्या औद्योगिक भागाच्या बाजूला काळा धूर दिसला. एखाद्या वर्कशॉपला आग लागली असेल म्हणत आम्ही चहा संपवला. नंतर कळलं, येमेनमधल्या हूथी बंडखोरांचा हल्ला होता. इंधनाचे तीन टँकर फुटले, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी गेले. पुढच्या सोमवारी पहाटे आकाशात धडाके झाले, तेव्हा मात्र आगीचं नाव कोणी काढलं नाही. आईचा फोन आला, "बास झाली नोकरी, ये परत."

हूथींचं भांडण मुळात घरचं. उत्तरेतल्या सादा प्रांतातले हे लोक २००४ ते २०१० दरम्यान राजधानी सनातल्या सरकारशी सहा वेळा लढले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी सनाच घेतलं. आपल्या परसात इराण येऊन बसला, असं सौदीला वाटलं आणि मार्च २०१५ मध्ये त्याने संयुक्त अरब अमिरातीला (अबू धाबी तिचीच राजधानी) सोबत घेऊन हूथींवर बॉम्बफेक सुरू केली. मग इराणची मदतही वाढत गेली. (माझ्या मते इराणला येमेनचं फार अप्रूप नव्हतं. कमी खर्चात सौदीला गुंतवून ठेवायची सोय होती, इतकंच.) संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे की २०२१ अखेरपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसं गेली. त्यातली सुमारे ६० टक्के उपासमार, रोगराई आणि दवाखाने बंद पडल्यामुळे.

शेजाऱ्याची खरी गोची इथे आहे. भांडण घरचं, पण ते मिटवणं घरच्यांच्या हातात राहत नाही. लेबनॉनचे पंतप्रधान साद हरीरी यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये राजीनामा जाहीर केला, तोही सौदीची राजधानी रियाधमधून, टीव्हीवर! मायदेशी परतल्यावर मागे घेतला. बहारीनमध्ये २०११ साली लोक राजकीय सुधारणा मागत होते. त्यावर इराणच्या चिथावणीचा शिक्का बसला, दोन देशांना जोडणाऱ्या पुलावरून सौदी फौज आली आणि निदर्शनं जिथे चालली होती त्या मोती चौकातलं स्मारकसुद्धा पाडून टाकलं.

ओमानने तेवढं अंग वाचवलं. येमेनला खेटून असूनही तो युद्धात उतरला नाही, सौदी आणि इराण दोघांशी बोलणं चालू ठेवलं.

मार्च २०२३ मध्ये बीजिंगला सौदी-इराणचा समेट झाला. पण तोवर हूथींकडे क्षेपणास्त्रंही होती आणि स्वतःचे हिशेबही. गाझाचं युद्ध पेटल्यावर त्यांनी त्याच नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे मालवाहू जहाज पळवलं. माझा मावसभाऊ बोटीवर असतो. त्यानंतर त्याची बोट युरोपला आफ्रिकेच्या वळशाने जायला लागली आणि गणपतीला घरी येतो म्हणालेला तो, विसर्जन झाल्यावर रत्नागिरीला उतरला.