आधी उणे 18 काढ

चि.,
अनेक आशीर्वाद. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के असताना त्याने पृथ्वी तापते कशी, हा तुझा प्रश्न चांगला आहे. राग एवढ्याचाच आला की, उत्तरासाठी तू चार भाषणे ऐकलीस आणि एकही गणित केले नाहीस.

गणित हाताने कर. सूर्याकडून पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट येतात. ते सगळ्या गोलावर वाटले की चौथा हिस्सा उरतो, त्यातला सुमारे 30 टक्के प्रकाश ढग आणि बर्फ परत फेकतात, आणि उरलेल्यावर स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम (वस्तू किती तापलेली असता किती उष्णता बाहेर टाकते, ते सांगणारा) लावला की तापमान उणे 18 अंश येते. प्रत्यक्षात सरासरी 15च्या आसपास आहे. मधले 33 अंश कुठले, हा प्रश्न तुझ्या वहीत उमटल्याशिवाय पुढचे पान उलटू नकोस.

मग भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचे 1859चे प्रयोग वाच. हवेचा जवळजवळ सारा भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे किरण अडवीतच नाहीत. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. जे पहाऱ्यावरच नाहीत, त्यांची डोकी मोजून काय उपयोग?

मी मात्र तीस वर्षे काचघराच्या उपमेवर वेळ मारून नेली. एका विद्यार्थिनीने विचारले होते की, हा वायू शोषायची तेवढी उष्णता आधीच शोषत असेल, तर आणखी मिसळल्याने फरक काय? ‘अभ्यासक्रमात नाही’ म्हणून मी तिला खाली बसवले. हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचा स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अरेनियस यांनी 1896 साली केलेला हिशेब होता; त्यावर भौतिकशास्त्रज्ञ क्नुट आँगस्ट्रॉम यांनी 1900 साली प्रयोगाच्या आधारे हाच आक्षेप घेतला होता, हे मला पन्नाशीत कळले. त्याचे उत्तर असे: उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या विरळ थरांतून. वायू वाढला की निसटण्याची ती पातळी आणखी उंच, आणखी थंड हवेत सरकते, थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते, आणि जमाखर्च जुळेपर्यंत खालची जमीन तापत राहते. पाठ्यपुस्तकात हे नव्हते, हे माझ्या बाजूने नोंदवतो. पण ती मुलगी पाठ्यपुस्तकाबाहेरचेच विचारत होती, आणि मी हाताने गणित केले असते तर तिच्याबरोबर निदान अडलो तरी असतो.

अरेनियस यांनी हिशेब कागदावरच केला होता. वायू दुप्पट झाल्यास पाच-सहा अंश वाढतील, हे त्यांचे उत्तर आजच्या अंदाजापेक्षा जास्त ठरले, तरी ते कुठे चुकले हे दाखवता येते. भाषणांचे तसे नसते.

आता चार्ल्स कीलिंग यांनी 1958 साली हवाईतील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर सुरू केलेल्या, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी घे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 315 भाग होते, आज 420च्या वर आहेत. आलेख कागदावर स्वतः काढ. त्याला दरवर्षी करवतीसारखा एक दात दिसेल. तो का येतो, ते मी सांगणार नाही. कारण लिही आणि वही पाठव, नुसते पत्र नको.