नवीन घराभोवती बाग करायची आहे, राहायला जायच्या आधी ती भरलेली दिसायला हवी, पण बजेट कमी आहे. स्वस्त झाडं कुठून घ्यावीत?

कुठून घ्यावीत यापेक्षा केवढी घ्यावीत हे आधी ठरवा. तुम्ही लिहिलंय की राहायला जायच्या आधी बाग भरलेली दिसायला हवी आणि खर्चही कमी हवा. दोन्ही एकदम जमणार नाही. मोठ्या झाडाची किंमत म्हणजे नर्सरीवाल्याने ते जितकी वर्षं सांभाळलं त्याची मजुरी. ती वर्षं तुम्ही स्वतः काढलीत तर फुकट आहेत.

इतकं ठासून सांगतेय कारण आमच्या घरात यावरून अजून धुसफूस चालते. आमचं आणि दिरांचं घर शेजारी शेजारी, मध्ये नुसतं तारेचं कुंपण. दोन्ही घरं एकाच वेळी बांधून झाली. पाहुण्यांना अंगण भकास दिसायला नको म्हणून भाऊजींनी लँडस्केपवाला बोलावला. टेम्पोतून दीड पुरुष उंचीचे कांचन आले, पाम आले, फुलांनी लगडलेल्या कुंड्या आल्या. संध्याकाळपर्यंत अंगण फोटोत घेण्यासारखं झालं, हे मी नाकारत नाही. आमच्याकडे गुडघ्याएवढी पिशवीतली रोपं आणि ओळखीपाळखीच्यांकडून मागून आणलेल्या फांद्या. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींनी काड्या रोवल्यात, त्यांना आता उंबरठ्यावर बसून पाणी घाला." सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

काही वर्षांनी एका वादळी पावसात भाऊजींचा फाटकाजवळचा कांचन मुळासकट आडवा झाला. मी मुद्दाम जाऊन खड्ड्यात वाकून बघितलं. मुळं बाहेरच्या मातीत गेलेलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. पिशवीच्या आकारात गोल गोल फिरून त्यांचं घट्ट वेटोळं झालं होतं आणि हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, बांधलेली नायलॉनची दोरी बुंध्याशी सालीत रुतून बसली होती. पिशवी काढली, दोरी तशीच ठेवून लावलं. नर्सरीत झाड लहान पिशवीत फार दिवस राहिलं की मुळं अशी घेर धरतात, आणि लावताना ती मोकळी केली नाहीत तर जमिनीत गेल्यावरही फिरतच राहतात. झाड वरून हिरवं दिसतं, खाली त्याला पकड नसते. बाकीचे कांचन पडले नाहीत, पण जेवढे आले जवळपास तेवढेच राहिले. माझा पिशवीतला कांचन आज त्यांच्यापेक्षा उंच आहे. भाऊजींचं म्हणणं, त्यांच्या बाजूची जमीनच खराब. कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन बदलते हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

शेतात वाढवून उपटून आणलेल्या मोठ्या झाडाचं तर आणखी वाईट. काढतानाच त्याची बहुतांश मुळं मागे राहतात, आणि ती पुन्हा येईपर्यंत झाड नुसतं तग धरून असतं. लहान रोपाला हे दुखणं नाही. म्हणून ते मागून येऊन पुढे जातं.

तर घेताना काय बघायचं? पिशवीच्या तळाच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर ते रोप ठेवून द्या. नर्सरीवाला हो म्हणाला तर रोप पिशवीतून हलकेच सरकवून बघा: पांढरी बारीक मुळं दिसावीत, वेटोळं नको. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर फुकट दिलं तरी नको, घरातल्या सगळ्या जास्वंदींना लागेल. फुललेलं रोप घेऊ नका. फुलांचे पैसे लावतात आणि फुलं आठवड्यात गळतात. बुटकं, बुंध्याशी फांद्या फुटलेलं रोप लांबट काडीपेक्षा कधीही चांगलं.

कुंपणाला आणि वाफ्यांना लागणारं बरंचसं तर विकत घ्यायचंच नाही. जास्वंद, तगर, दुरांटा, अ‍ॅकॅलिफा, बोगनवेल, मधुमालती हे सगळं फांदीपासून येतं. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून अशी फांदी घ्या, १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या (जिथून पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली सरळ, वरचा तिरका, म्हणजे उलटसुलट होत नाही. खालची पानं काढून अर्धा तुकडा मातीत, आणि सावलीत ठेवा. पालवी फुटली की लगेच उपटून बघू नका. काडीत साठलेल्या अन्नावरही पानं येतात, मुळं नंतर. बोगनवेल तर हमखास असं फसवते, आणि तिची मुळं इतकी नाजूक की हलवलं की गेलं. कर्दळ, हेलिकोनिया, स्पायडर लिली यांचा एकेक कंद किंवा गड्डा आणा. दोनेक वर्षांत तुम्हीच लोकांना वाटत सुटाल.

पैसे घालायचे तर कलमी झाडांवर घाला, फळझाडं आणि गुलाब. तिथे काटकसर नको. फक्त कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट दिसेल तेव्हा काढत राहा, ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची असते आणि कलमाला खाऊन टाकते.

कुठून, हे विचारलंच आहे तर: घाऊक नर्सरी, सरकारी रोपवाटिका, आणि शेजाऱ्याची छाटणी. छाटणीच्या दिवशी पिशवी घेऊन उभं राहायला लाजू नका.

काही गोष्टी राहिल्या. पाम फार सावकाश वाढतात, ते थोडे मोठे घेतले तर मी काही म्हणणार नाही. कण्हेर काडीवर सहज येते पण सगळीच विषारी आहे, घरात लहान मूल किंवा चरायला येणारी जनावरं असतील तर लावू नका. घाणेरी कुंपणाला स्वस्त पडते, पण पक्षी बिया नेतात आणि आजूबाजूचं रान तीच व्यापते. कोणतंही मोठं होणारं झाड भिंतीला आणि ड्रेनेजच्या पाइपाला चिकटून नको. आणि लहान रोपांनी पहिलं वर्षभर बाग खरंच ओकीबोकी दिसते, त्याची तयारी ठेवा. मधल्या जागेत बियांवर येणारं झेंडू, कॉसमॉस टाका.

लँडस्केपवाल्याला बोलवायचंच असेल तर उतार, पाण्याचा निचरा, फरशी आणि मातीकामासाठी बोलवा. झाडांची यादी मात्र स्वतः करा, आणि त्याने दिलेल्या यादीत हंगामी काय आणि कायमचं काय हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. भाऊजींच्या बिलात जवळपास निम्मे वाफे पेटुनियाचे होते. ते उन्हाळ्यात संपल्यावर त्यांनी त्याच माणसाला पुन्हा बोलावून पुन्हा पेटुनियाच लावून घेतला.